खिंडीतली रास

शनिवारी सकाळी सारजाबाई पायखिंडीतून परत आली ती जवळजवळ धावतच. पदर खांद्यावर घसरला होता आणि काठी कुठे राहिली याचा तिला पत्ता नव्हता. स्वप्नाली दारात अंगण सारवत होती. दुसऱ्या दिवशी पुण्याहून सायकलवाले यायचे होते, त्यांची जेवणावळ याच अंगणात बसायची होती. सासूला तशी येताना पाहून तिला वाटलं, बिबट्याने शेरडू नेलं.

"रास कुठंय?" सारजाबाईने विचारलं.

"कसली रास, आत्या?"

"खिंडीतली. धोंड्यांची."

स्वप्नालीने शेणाचा हात झटकला. हे एवढंच होय! तिला बरंच वाटलं.

"ती व्हय? ती सायकलवाल्यांच्या वाटंवर, वळनाच्या बांधाला लावली की म्या. पासलीच्या गेनूची मानसं दगड आनाया पार वड्यात जानार हुती. म्हनलं, वर एवढा आयता ढीग पडलाय, त्यो घ्या. परवाच वाहून नेला सगळा. लई झ्याक बांध झालाय, तुमी बगितला न्हाई?"

सारजाबाई ओल्या शेणातच मटकन खाली बसली.

पडवीत सासरा बिरू चातीवर लोकर कातत होता. शेरडं आणि चार म्हशी एवढीच दौलत उरली असली तरी भोंगवलीचे मेव्हणे वर्षाला पोतंभर लोकर पाठवत, ती कातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने बोलणं ऐकलं, चाती थांबवली, सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फिरवायला घेतली. बोलला काहीच नाही.

तो बोलला नाही याचं स्वप्नालीला नवल वाटलं नाही. तिला भीती वाटली ती सासूच्या बसण्याची. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, सारजाबाईला तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

वाडीचा रिवाज असा होता. पोट भरायला, नांदायला नाहीतर भांडून, कशासाठीही वाडी सोडणाऱ्याने खिंडीत एक धोंडा ठेवायचा आणि मग भोरकडे उतरायचं. कायमचा परत आला की आपला धोंडा आपणच उचलून दरीत भिरकावायचा. दुसऱ्याच्या धोंड्याला हात लावायचा नाही. म्हणजे खिंडीत उरलेली रास ही गेलेल्यांची आणि न आलेल्यांची. नांदायला गेलेल्या लेकी त्यात होत्या, दुसऱ्या महायुद्धात गेलेला बिरूचा चुलता होता, गिरणीत गेलेले दोघे होते.

पुढे पासलीपर्यंत डांबरी आली, एसटी आली. माणसं वेल्ह्याकडून निघून जाऊ लागली आणि खिंड शेरडांना राहिली. स्वप्नाली कामथडीची. ती फुगे लावलेल्या जीपमधून खालच्या रस्त्याने वाडीत आली, आणि राशीबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगितल्याशिवाय माणसाला कळत नाही, हे या घराला कधी सुचलेलंच नाही.

दुपारी हनीफचा टेम्पो आला. भोरच्या एसटी स्टँडमागचं भाड्याच्या सायकलींचं दुकान म्हणजे हनीफचं. एके काळी तालुक्यातली अर्धी पोरं त्याच्या सायकलीवरून पडून शिकली. आता पोरं थेट मोटारसायकलीवर बसतात, आणि त्याच्या दुकानात गंजलेल्या चाकांच्या माळा टांगलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या सायकल क्लबची मुलं तुटलेली साखळी घेऊन त्याच्याकडे आली. गिअरच्या, जाड टायरच्या सायकली. त्यांना डोंगरातला उतार हवा होता. हनीफने त्यांना पायखिंड दाखवली आणि वाडीत बिरूच्या घरी भाकरी खाऊ घातली. त्या भाकरीवरून स्वप्नालीच्या डोक्यात सगळं सुरू झालं.

वाडीत सात घरं, त्यातली चार कुलपात. जंगलात चराई बंद, भात चार महिन्यांचं. सिद्धनाथला, तिच्या नवऱ्याला, कात्रजला वॉचमनची नोकरी लागत होती. तो गेला की पाचवं घर अर्धं बंद पडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने वर्षभर ग्रामपंचायतीत खेटे घातले, क्लबच्या मुलांबरोबर वाट मोजली, झुडपं तोडली, गेनूची माणसं लावली. भोरकडून वर चढायचं, खिंडीतून पासलीकडे उतरायचं, वाडीत जेवायचं, राहायचं असेल त्याने राहायचं. सायकल नसेल तर हनीफ देईल. उद्याचा रविवार नीट पार पडला तर क्लब दर महिन्याला यायचं म्हणत होता. "एक रविवार बघू," असं म्हणून तिने सिद्धनाथला थोपवून धरलं होतं.

हनीफ टेम्पोतून उतरला तेव्हा पडवीत सगळे बसलेले होते आणि कुणी पाणी विचारलं नाही. म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्याने ओळखलं.

बिरूचा चुलतभाऊ चिमाजी खांबाला टेकून बोलत होता. "म्या आदीपासनं सांगत हुतो, ही वाट धरू नगा. ऐकलं कुनी? आता बगा. पूर्वजांच्या डोक्यावरनं सायकली घालनार का?"

"नाना, मला म्हाईत न्हवतं," स्वप्नाली म्हणाली. हे ती सकाळपासून कितव्यांदा तरी म्हणत होती. "चुकलं माजं. पन मला सांगितलं कुनी?"

सिद्धनाथ काडीने जमिनीवर रेघा ओढत होता. तिला त्याचा राग आला. तिच्याजवळ 'तू म्हणशील तसं' म्हणणारा हा माणूस चारचौघांत आईकडेही बघत नव्हता आणि तिच्याकडेही.

"काय झालं, सूनबाई?" हनीफने विचारलं. तिने सांगितलं. हनीफ टोपी काढून पायरीवर बसला.

"आता काय करायचं, चिमाजीराव?"

"करायचं काय! बांध उकलायचा. धोंडा न धोंडा वर न्यायचा. उद्याचं सायकलींचं खूळ रद्द."

हनीफला खोटं बोलता येत नसे, धंद्यात त्याचं नुकसान झालं ते त्यानेच. "हे बगा, माजाबी फायदा हाय ह्यात, म्या लपवत न्हाई. पन बांध उकलला तर वळन गेलं. वळनाच्या खाली सरळ दरी हाय. बांध नसंल तर म्या एकबी पोरगं त्या उतारावर सोडनार न्हाई. आनि उद्याचं मोडलं तर ती पोरं परत येनार न्हाईत. त्यांना डोंगर काय कमी हाईत?"

"न्हाई आली तर न्हाई आली."

"सारजावैनी, तुमी बोला की."

सारजाबाई उंबऱ्यात बसली होती. शेणाने भरलेलं लुगडं तिने बदललं नव्हतं. "मला बाकीच्यांचं न्हाई," ती म्हणाली. "मला एकच पायजे."

एक कुणाचा, हे पडवीत सगळ्यांना ठाऊक होतं. स्वप्नालीलाही आता उमजलं. या घरात एक थोरला मुलगा होता आणि तो गेला, एवढंच तिला माहीत होतं. त्याचा विषय निघाला की वाक्यं अर्ध्यावर थांबायची. नाव घ्यायचं नाही, हा बिरूचा कायदा. त्याने स्वतः चौदा वर्षांत ते घेतलं नव्हतं.

नाव घेतलं हनीफने, कारण त्याला कायदा लागू नव्हता. "भिमाचा व्हय?" तो हळू आवाजात म्हणाला. "माज्याकडंच शिकला सायकल. तासाची न्यायचा आनि सांज झाली तरी आनायचा न्हाई. कुठं हुतास रं म्हनलं की म्हनायचा, वरंधा घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. शिव्या देताना मलाच हसाया यायचं."

बिरूची चाती थांबली. लोकरीचा धागा तुटून त्याच्या मांडीवर पडला. तो त्याने उचलला नाही.

भिमाला ड्रायव्हर व्हायचं होतं. बिरूला मेंढरांमागे पोरगा हवा होता. तेव्हा मेंढरं होती. भर अंगणात, पाहुण्यांदेखत, बिरूने त्याला काठीने मारलं. मार चुकवताना भिमा भिंतीला टेकलेल्या पाट्यावर आदळला, पाटा खाली कोसळला आणि त्याचा मोठा कोपरा उडाला. तो कोपरा उचलून तो तसाच खिंडीत गेला, राशीवर ठेवला आणि उतरला. मग कधी कुणी सांगितलं सुरतेला दिसला, कधी कुणी सांगितलं भिवंडीला. पुढे तेही थांबलं. बिरू मनात म्हणे, मेला असेल. सारजाबाई म्हणे, धोंडा हाय तवर येनार. आठवड्यातून एकदा शेरडांच्या निमित्ताने, त्यांच्याच आडवाटेने ती वर जाई आणि त्या कोपऱ्यावर हात ठेवून येई. आज गेली तर तिथे नुसती मोकळी माती आणि खाली पांढरी मुळं आलेलं गवत.

"एकटा कसा गावंल, वैनी?" चिमाजी पुढे सरकला. "सगळाच बांध उकला. तुमच्या लेकासाठनं म्या सवता पहार घेतो. आनि सायकलीच पायजे असतील तर माज्या घरावरनं उतार हायच की. तिकडनं न्या, म्या न्हाई म्हनत न्हाई."

हनीफने मान खाली घातली. चिमाजीच्या घरावरून वाट काढायचा आग्रह वर्षापूर्वीचा होता. चहाचं हॉटेल टाकायचं त्याच्या मनात होतं. तो उतार म्हणजे सगळा घसारा, तिथे शेरडूही जपून पाय टाकतं. म्हणून क्लबने तो नाकारला होता.

सारजाबाईने दिराकडे नीट पाहिलं. ती दुःखात होती, पण खुळी नव्हती.

"भावजी, तुमच्या बापाचा धोंडा बी हुता त्या राशीत," ती म्हणाली. "गिरनीत गेलं, ते परत आलं न्हाईत. सकाळपास्नं तुमी त्येंचं नाव काडलं न्हाई. माज्याच लेकाचं काडताय."

चिमाजीचा चेहरा पडला. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि पुन्हा खांबाला टेकला. सारजाबाई उठली.

"चल गं पोरी," ती सुनेला म्हणाली. "कुठं लावलाय दाव."

सगळेच निघाले. सिद्धनाथने पहार घेतली. बिरूही उठला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो मागे चालत होता.

वळण खिंडीच्या जरा खाली होतं. वाट तिथे एकदम डावीकडे मुरडते आणि उजवीकडे कडा तुटतो. गेनूच्या माणसांनी कड्याच्या बाजूने कमरेएवढा बांध रचला होता, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. स्वप्नालीला तो बांध दोन दिवस मिरवावासा वाटत होता. आता तिला त्याच्याकडे बघवेना. सारजाबाई खाली बसून एकेका दगडावरून हात फिरवू लागली.

सिद्धनाथला तो आल्या आल्या दिसला.

खालून दुसऱ्या थरात, मधोमध. बाकीचे धोंडे डोंगराचे, ओबडधोबड. त्या एकावर टाकीचे बारीक खड्डे होते, रांगेने. लहानपणी आई वाटण वाटायची तेव्हा तो त्या खड्ड्यांत बोट घालून मार खायचा. वरचा सगळा भार त्या एका दगडावर होता. तो ओढला की बांध बसणार.

तो गप्प राहिला. आई वरच्या थरात शोधत होती, तिची नजर अधू झालेली. सूर्य कलला की ती थकेल. सगळे घरी जातील, उद्या सायकली येतील, तो कात्रजला जाणार नाही. खरं सांगायचं तर त्याच्या मनात एवढंच नव्हतं. त्याला भावाचा राग होता. भिमा निघून गेला आणि रोज आईच्या जवळ राहिला. सिद्धनाथ घरी राहिला, म्हशी धुतल्या, बापाचं ऐकलं, पण जो जात नाही त्याचा धोंडाच नसतो. आईने त्याच्यासाठी कधी कशावर हात ठेवला नव्हता.

सारजाबाईने एक दगड चाचपला आणि सोडला. "न्हाई," ती पुटपुटली. ती गुडघ्यांवर सरकून पुढच्या दगडाकडे गेली.

"आये," सिद्धनाथ म्हणाला. "हितं हाय."

स्वप्नालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला आधीच दिसला होता, हे तिने त्याच्या तोंडावरून ओळखलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला त्याची दया आली आणि तो आपला माणूस आहे असं आज पहिल्यांदा पक्कं वाटलं.

सारजाबाईने पालथ्या हाताने डोळे पुसले आणि वाकून दगडाला हात लावला. खड्ड्यांवरून तिने बोटं फिरवली. मग तिने वर रचलेल्या दगडांकडे पाहिलं. तिला कळत होतं काय होणार ते.

"काडू का न्हाई?" तिने कुणालाच न विचारता विचारलं.

स्वप्नालीने सिद्धनाथच्या हातातली पहार घेतली. "म्या लावायला लावला, म्याच काडते," ती म्हणाली. "सरका, आत्या. पायावर पडंल."

तिने दोन्ही बाजूंनी पहार घालून दगड सैल केला. तिसऱ्या हिसक्याला तो सुटला. त्याच्यामागून बांध खाली बसला आणि वरचे धोंडे धडधडत कड्यावरून गेले. त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. बांधाला माणूस आत शिरेल एवढं भगदाड पडलं.

सारजाबाईने पाट्याचा कोपरा ओच्यात घेतला. चिमाजी आता वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाला, "वैनी, ज्यानं ठिवला त्यानंच उचलायचा असतो."

"म्हाईत हाय मला. इतकी वर्सं म्हाईतच हाय." सारजाबाईला रडू फुटलं. ती मोठ्याने रडली, लपवलं नाही. "न्हाई आला त्यो. किती वाट बगायची म्या? हितं रानात कशाला ऱ्हायचं त्यानं, आपलं घर असताना? म्या नेते त्याला. पाट्याचा हाय, पाट्यापाशी जाईल."

ती वाट उतरू लागली. जड ओच्यामुळे एका अंगाला झुकत, नव्या वाटेच्या मधून. चिमाजी जरा घुटमळला आणि तिच्या मागे गेला. "द्या, म्या धरतो," असं तो म्हणताना ऐकू आलं. तिने दिला नाही.

स्वप्नाली भगदाडाकडे बघत राहिली. वर्षभराची धावपळ तिला एकदम आठवली. पण दगड काढला याचा पस्तावा तिला वाटला नाही.

"मामू, त्यांना फोन करा," ती हनीफला म्हणाली. "भोरला लॉजवर उतरलेत न्हवं? सांगा, वाट पडली. येऊ नगा."

मोबाईलला रेंज फक्त खिंडीत मिळे. हनीफ खिशातला मोबाईल काढून वर चढू लागला. तोही म्हातारा झाला होता, दोन पावलांवर थांबत होता.

बिरू इतका वेळ वाटेच्या कडेला उभा होता. त्याने चाती मुंडाशात खोचली, धोतराचा सोगा वर घेतला आणि भगदाडात उतरला. कडेची माती त्याच्या टाचेखाली ढासळली. सिद्धनाथ पुढे झाला, तर त्याने हातानेच त्याला थांबवलं. उजव्या हाताचं बोट आणि अंगठा ताणून त्याने मोकळ्या जागेची रुंदी घेतली. मग खोली घेतली. आतला दगड हलतो का पाहिला. तरुणपणी सगळ्या खोऱ्यातल्या वाड्यांचे बांध त्याने रचलेले होते. सुनेने गेनूला बोलावलं, सासऱ्याला विचारलं नाही. त्यानेही आपणहून हात लावला नव्हता.

"हनीफ!" त्याने हाक मारली. सकाळपासून तो पहिल्यांदा बोलत होता, आवाज चिरका निघाला. "थांब. फोन करू नगंस."

हनीफ वळला.

बिरूने सिद्धनाथकडे पाहिलं नाही. तो मोकळ्या जागेकडेच बघत होता. "सिद्या," तो म्हणाला, "भिमाच्या जागी बसंल असा धोंडा बघ. रुंद बघ. समदा भार त्याच्यावरच येनार हाय."

बापाच्या तोंडून ते नाव ऐकून सिद्धनाथने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तो वाट सोडून उताराला लागला, करवंदीच्या जाळीखाली एक सपाट काळा दगड अर्धा मातीत होता तिकडे. त्याने हाताने माती उकरली, दगडाखाली बोटं घातली आणि जोर लावला. दगड हलला, पण उचलेना.

"थांबा," स्वप्नाली म्हणाली, आणि उतरून तिने दुसरी बाजू धरली.